स्वस्ताईचा राग

वस्तू महाग झाली की माणूस चिडतो, हे कळण्यासारखं आहे. कांदा महागला, पेट्रोल महागलं, एसटीचं तिकीट वाढलं की कट्ट्यापासून वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांपर्यंत सगळीकडे तोच विषय. पण वस्तू स्वस्त झाली म्हणून माणसं चिडतात, कंपनीच्या मालकाला शेकड्यांनी पत्रं पाठवतात, अगदी कोर्टाची पायरी चढतात, हे जरा विचित्रच नाही का? आणि त्याच दिवशी शेअर बाजारातले लोकही त्या कंपनीवर नाराज होतात. म्हणजे घेणारा नाराज, पैसे गुंतवणारा नाराज, आणि कारण काय, तर भाव उतरले!

नव्या तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. त्यातल्या तीन-चार गोष्टी एकापुढे एक मांडून पाहिल्या, तर या रागाच्या मुळाशी काय आहे ते थोडंफार उलगडतं, असं मला वाटतं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट ॲपलच्या पहिल्या आयफोनची. २९ जून २००७ रोजी तो अमेरिकेत विक्रीला आला. ४ जीबीचा ४९९ डॉलर्सना आणि ८ जीबीचा ५९९ डॉलर्सना. लोक दुकानांबाहेर रात्र रात्र रांगा लावून बसले होते. त्यानंतर जेमतेम ६८ दिवस गेले. ५ सप्टेंबरला स्टीव्ह जॉब्स व्यासपीठावर आले, नवे आयपॉड दाखवले आणि शेवटी सांगून टाकलं की ८ जीबीचा आयफोन आता ३९९ डॉलर्सना मिळेल. एका दिवसात २०० डॉलर्स कमी, म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा गायब. ४ जीबीचं मॉडेल तर बंदच झालं आणि उरलेला माल २९९ ला काढला.

पहिल्या दिवशी रांगेत उभे राहिलेले लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. हेच तर कंपनीचे सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक. दोन महिने भेटेल त्याला खिशातून फोन काढून दाखवत, फुकटची जाहिरात करत हिंडले होते. आणि त्यांच्याच तोंडाला पानं पुसली गेली. त्यात भर म्हणून जॉब्स यांनी एका वर्तमानपत्राला मुलाखत दिली. तिचा आशय असा, की ज्यांनी आज सकाळी घेतला असेल त्यांनी दुकानात जाऊन बोलावं, पण महिन्यापूर्वी घेतला असेल तर काय करणार, तंत्रज्ञानात हे असंच चालतं.

हे म्हणणं चूक होतं का? तसं पाहिलं तर नाही. पण खरं बोलणं आणि योग्य वेळी बोलणं यात फरक असतो. दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, जॉब्स यांना आयफोनच्या गिऱ्हाईकांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहावं लागलं. शेकडो ईमेल आल्याचं त्यात त्यांनी कबूल केलं. किंमत उतरवण्याचा निर्णय बरोबरच आहे, सुट्ट्यांचा हंगाम येतोय, जास्त लोकांना फोन परवडायला हवा, आणि पुढच्या कपातीची वाट पाहत बसणारा माणूस कधीच काही विकत घेऊ शकणार नाही, हे सगळं त्यांनी ठामपणे मांडलं. पण त्याच पत्रात, जे लोक सुरुवातीला आमच्यावर विश्वास टाकतात त्यांच्या विश्वासाला आम्ही जागलं पाहिजे, असंही लिहिलं आणि आधीच्या गिऱ्हाईकांना १०० डॉलर्सचं क्रेडिट देऊ केलं. रोख नव्हे हं, ॲपलच्याच दुकानात खर्च करायचं क्रेडिट. फरक २०० चा, भरपाई १०० ची, आणि तीही कंपनीच्याच गल्ल्यात परत येणारी. हिशेबात हा माणूस कच्चा नव्हता!

बहुतेकांचा राग यावर शांत झाला. सगळ्यांचा नाही. न्यूयॉर्कमधल्या एका ग्राहक महिलेने त्याच महिन्यात दहा लाख डॉलर्सचा दावा लावला. तिच्या तक्रारीतला एक मुद्दा मजेशीर होता. ज्यांनी नंतर स्वस्तात फोन घेतला ते तो पुन्हा विकून जेवढा नफा कमावू शकतात, तेवढा आम्ही पहिले घेणारे कमावू शकत नाही, असं तिचं म्हणणं.

आता दुसरी बाजू, गुंतवणूकदारांची. ५ सप्टेंबरला ॲपलचा शेअर सुमारे ५ टक्क्यांनी पडला. त्यांना २०० डॉलर्सचं दुःख नव्हतं. त्यांना प्रश्न पडला होता की चांगला खपणारा माल कोणी दोन महिन्यांत स्वस्त करतं का? म्हणजे फोन खपत नाहीये की काय? या शंकेला थोडी पार्श्वभूमीही होती. जुलैत एटी अँड टीने पहिल्या दोन दिवसांत १,४६,००० आयफोन चालू झाल्याचं जाहीर केलं, तेव्हाही आकडा अपेक्षेपेक्षा कमी म्हणून ॲपलचा शेअर एका दिवसात ६ टक्क्यांच्या आसपास घसरला होता. प्रत्यक्षात १० सप्टेंबर २००७ ला ॲपलने दहा लाखावा आयफोन विकल्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस शेअर १९० डॉलर्सच्या वर होता. कपातीच्या आदल्या दिवशी तो १४४ च्या आसपास होता. म्हणजे घाबरून ज्यांनी विकला ते चुकले. पण त्या दिवशी हे कोणाला माहीत असणार?

इथे एक गोष्ट ध्यानात येते. किंमत उतरली की गिऱ्हाईक मागे वळून बघतो, "मी दिले ते जास्तीचे पैसे कशाचे?" गुंतवणूकदार पुढे बघतो, "यांना असं काय कळलंय जे मला माहीत नाही?" आकडा एकच, पण दोघं त्यातून वेगवेगळा निरोप वाचतात.

हे सगळं मोबाईलच्या आणि इंटरनेटच्या जमान्याचं खूळ आहे असं वाटत असेल, तर जरा शंभर वर्षं मागे जाऊ.

हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली, तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर्स होती. मोटार ही त्या काळची आयफोनहून मोठी नवलाई. फोर्डने १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी सुरू केली. गाडीचा सांगाडा पुढे सरकत जातो आणि कामगार जागेवर उभा राहून आपला एकच भाग बसवतो. त्यामुळे गाडी बनवायला लागणारा वेळ आणि खर्च झपाट्याने उतरला आणि फोर्ड दरवर्षी किंमत कमी करत गेला. ऑगस्ट १९१४ मध्ये ती ४९० डॉलर्सवर आली होती.

आता गोम अशी, की दरवर्षी भाव उतरतो हे एकदा लोकांना कळलं की शहाणा माणूस म्हणणार, थांबू या की वर्षभर! यावर फोर्डने जी युक्ती काढली ती मला आजही थक्क करते. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याने जाहीर केलं, की येत्या वर्षभरात आमच्या तीन लाखांहून जास्त गाड्या खपल्या, तर या वर्षात गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला नफ्यातला वाटा म्हणून ४० ते ६० डॉलर्स परत देऊ. वर्षअखेर खप झाला तीन लाख आठ हजारांच्या घरात. फोर्डने शब्द पाळला आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला ५० डॉलर्स परत केले. एकूण दीड कोटी डॉलर्सच्या वर रक्कम झाली.

जरा विचार करून बघा. ज्याने गाडी घेतली त्याला आता वाटायला लागलं की आणखी गाड्या खपाव्यात. शेजाऱ्याने गाडी घेतली तर माझे ५० डॉलर्स जवळ येतात! जॉब्सच्या गिऱ्हाईकाला शेजाऱ्याचा स्वस्त फोन खुपत होता, फोर्डच्या गिऱ्हाईकाला शेजाऱ्याची नवी गाडी हवीहवीशी वाटत होती. दोन्हीकडे पैसे परत दिले गेले, पण एकाने आधी सांगून दिले, दुसऱ्याने ओरड झाल्यावर. आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात ना, तसं.

मग फोर्डच्या गोष्टीत सगळेच खूश होते का? छे! गिऱ्हाईक खूश झाला, पण भागधारक भडकले. जॉन आणि होरेस डॉज हे दोन भाऊ फोर्ड कंपनीचे १० टक्क्यांचे मालक. १९०३ साली त्यांनी सुटे भाग आणि वचनचिठ्ठी मिळून दहा हजार डॉलर्स गुंतवले होते. त्यावर त्यांना भरभक्कम लाभांश मिळत आला होता. १९१६ साली फोर्डने जाहीर केलं की गाडीची किंमत ४४० वरून ३६० डॉलर्सवर आणणार, रूज नदीकाठी प्रचंड मोठा कारखाना उभारणार आणि जादा लाभांश मात्र देणार नाही. गाडीमागे ८० डॉलर्स, आणि वर्षाला पाच लाख गाड्या धरल्या तर चार कोटी डॉलर्स झाले. हे पैसे सरळ गिऱ्हाईकाच्या खिशात चालले होते. डॉज बंधूंचं म्हणणं, हे पैसे आमचे.

आजचा गुंतवणूकदार असता तर त्याने संगणकावर दोन बटणं दाबून शेअर विकले असते. पण फोर्ड कंपनीचे शेअर तेव्हा बाजारात नव्हतेच. म्हणून डॉज बंधू नोव्हेंबर १९१६ मध्ये कोर्टात गेले. साक्षीत फोर्डने, आम्ही फार जास्त नफा कमावतोय आणि गाडीवर इतका नफा घेणं मला पटत नाही, अशा अर्थाची उत्तरं दिली. बचावाच्या दृष्टीने हे त्याच्यावरच उलटलं. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये निकाल दिला, की कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी चालवायची असते, आणि एक कोटी ९० लाख डॉलर्सहून जास्त लाभांश वाटायला लावला. पण गंमत म्हणजे किंमत उतरवण्यात आणि कारखाना वाढवण्यात मात्र कोर्टाने हात घातला नाही. धंदा कसा करायचा ते न्यायाधीशांनी सांगू नये, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी फोर्डने डॉज बंधूंसकट सगळ्या भागीदारांचे हिस्से विकत घेऊन टाकले. डॉज बंधूंना अडीच कोटी डॉलर्स मिळाले. १९२५ पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल टी २६० डॉलर्सवर आली होती आणि विचारायला भागधारक कोणी उरला नव्हता.

तर इथे राग गुंतवणूकदाराचा होता, पण त्याची जात तीच. स्वस्ताईचा फायदा कोणाला तरी होतोय, आणि त्यात मी नाही.

प्रत्येक कपातीमागे फोर्डसारखी दूरदृष्टी असते असं मात्र नाही. कधी कधी ती नुसती मारामारी असते. १९८२-८३ मध्ये अमेरिकेत घरगुती संगणकांचं जे युद्ध झालं ते त्यातलं. एका बाजूला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, दुसऱ्या बाजूला कमोडोर आणि तिचे जॅक ट्रॅमिएल. या दोघांचं जुनं वैर होतं. सत्तरच्या दशकात कमोडोर कॅल्क्युलेटर विकायची आणि त्यातल्या चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडून घ्यायची. मग टेक्सासवाल्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर काढले आणि तेही इतके स्वस्त, की कमोडोरची पुरती गोची झाली. ट्रॅमिएल ते विसरले नाहीत. १९७६ मध्ये त्यांनी चिप बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनीच विकत घेतली.

१९८१ मध्ये टेक्सासच्या टीआय-९९/४ए या संगणकाची किंमत ५२५ डॉलर्स होती. १९८३ च्या उत्तरार्धात तो शंभर डॉलर्सच्या आत आला होता. कमोडोर एक पाऊल उतरली की टेक्सास एक पाऊल उतरायची. कमोडोर स्वतःच्या चिप स्वस्तात बनवत होती, म्हणून तिला ते झेपत होतं. या काळात कमोडोरने, कुठलाही जुना संगणक किंवा व्हिडिओ गेम आणून द्या आणि १०० डॉलर्स सूट घ्या, अशी योजना काढली. लोक इतके हुशार, की पन्नासेक डॉलर्सचा नवाकोरा टाइमेक्स सिंक्लेअर विकत घ्यायचे आणि तोच "जुना" म्हणून पाठवून द्यायचे.

जून १९८३ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मोठ्या तोट्याचा इशारा दिल्याबरोबर शेअर धाडकन कोसळला. त्या तिमाहीत ११ कोटी ९० लाख डॉलर्सचा तोटा झाला, पुढच्या तिमाहीतही ११ कोटींच्या आसपास. २८ ऑक्टोबरला कंपनीने जाहीर केलं की आम्ही घरगुती संगणकाच्या धंद्यातून बाहेर पडतोय. आणि मग काय झालं? शेअर उसळला! कपातीने जे गेलं ते हार मानल्यावर काही अंशी परत आलं. इकडे दुकानदारांनी उरलेला माल ४९ डॉलर्सना काढला, आणि ज्या संगणकाला आता मायबाप उरला नव्हता तो घ्यायला लोकांची झुंबड उडाली. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी ५२५ मोजले होते त्यांना कोणी पत्र लिहिलं नाही आणि क्रेडिटही दिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडे भावाची सगळ्यात मोठी घसरगुंडी आपण सगळ्यांनीच बघितली आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना भारतातला पहिला मोबाईल फोन केला. तेव्हा बोलायला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास पडायचे आणि गंमत म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागायचे. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. दर रुपयावर आले, मग पैशांवर आले. १ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी जिओचे दर जाहीर केले, ज्यात बोलणं फुकटच होतं. सभा चालू असतानाच एअरटेल आणि आयडियाचे शेअर पडायला लागले. दिवसअखेर एअरटेल ६ टक्क्यांहून अधिक आणि आयडिया १० टक्क्यांच्या आसपास घसरला होता. पुढे २०१८ मध्ये आयडिया आणि व्होडाफोन यांना एकत्र यावं लागलं.

गुंतवणूकदार हादरले, हे नेहमीसारखंच. पण गिऱ्हाईकाकडे बघा. "मी १९९६ मध्ये मिनिटाला सोळा रुपये भरले, माझे पैसे परत द्या" असं म्हणत कोणी रागावलेलं मी तरी पाहिलं नाही. उलट जुने लोक ते कौतुकाने सांगतात. "आमच्या वेळी बेल वाजली की आधी नंबर बघायचो, मग फोन कट करून पीसीओ गाठायचो," वगैरे. आयफोनवाल्याचे गेले २०० डॉलर्स, यांचे तर हजारो रुपये गेले असतील. मग यांना राग का आला नाही?

मला जे उत्तर सुचतं ते असं. फोनचा दर उतरला की तो जुन्या गिऱ्हाईकालाही दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. आपण सगळे एकाच नावेत असतो आणि नाव सगळ्यांना घेऊन पुढे जाते. आयफोन मात्र एकदा विकत घेतला की संपलं. पुढची स्वस्ताई मागून येणाऱ्यांची, आपण काठावर. फोर्डची ती ५० डॉलर्सची युक्ती म्हणजे विकलेल्या गाडीलाही त्या नावेत घेण्याचा प्रकार होता. म्हणजे माणूस जास्त पैसे गेले म्हणून तितका चिडत नाही, जितका आपल्याला वगळलं म्हणून चिडतो. पंगतीत बसल्यावर जिलबी शेजाऱ्याच्या पानात पडली आणि वाढपी आपल्याला टाळून पुढे गेला, की जिलबी न आवडणाराही दुखावतो. तसंच काहीसं.

डॉज बंधूंसारख्या धनाढ्य माणसांनाही हेच लागू पडतं. अडीच कोटी डॉलर्स घेऊन बाहेर पडले ते, गरीब थोडेच झाले होते! पण वाढपी आपल्याला टाळून गिऱ्हाईकांच्या पंक्तीकडे गेला, हे त्यांना सहन झालं नाही.

आमच्यासारख्या मध्यमवर्गी घरांमधे "थांबू या जरा, स्वस्त होईल" हे वाक्य जवळजवळ कुळाचारासारखं चालत आलं आहे. फ्रिज, रंगीत टीव्ही, संगणक, मोबाईल, सगळं आम्ही इतरांच्या मागून घेतलं आणि वर स्वतःच्या शहाणपणाचं कौतुकही केलं. पण या गोष्टी वाचताना मला त्या पहिल्या रांगेतल्या लोकांविषयी थोडी कृतज्ञता वाटायला लागली आहे. त्यांनी ५९९ मोजले म्हणून ३९९ चा फोन झाला. कोणीतरी मिनिटाला सोळा रुपये भरले म्हणून टॉवर उभे राहिले, आणि त्याच टॉवरांवरून आज गावाकडची आजी अमेरिकेतल्या नातवाशी तासभर, त्याचं तोंड बघत, बोलते. कोणी त्यांना हौशी म्हणेल, कोणी उधळे म्हणेल. पण खर्चाचा पहिला, सगळ्यात जड वाटा तेच उचलतात आणि स्वस्ताई आपल्या वाट्याला येते.

त्यामुळे असा एखादा माणूस "मला गंडवलं" म्हणून कुरकुरताना दिसला, तर "मग एवढी घाई कशाला केलीस?" असं त्याला विचारावंसं मला वाटत नाही. त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. जमलं तर त्याला चहा पाजावा. शेवटी आपल्या चहाचे पैसे कुठेतरी त्यानेच वाचवलेले असतात.